डिसेंबरपर्यंतचे मार्क

ओपसालांच्या घरातून त्या वर्षी दोघीजणी एकदम पदवी घेणार होत्या, आई आणि मुलगी, एकाच कॉलेजातून, एकाच दिवशी. गावाला एवढं पुरे होतं. हार्लो फॉल्समध्ये हिवाळा सरत आला की बोलायला काही उरत नाही. बर्फ किती पडला आणि अजून किती पडेल यावर माणसं किती दिवस काढणार? त्यात हे आयतंच हाती लागलं.

मुलीचं, म्हणजे ब्रिटाचं, कुणाला नवल नव्हतं. मिनेसोटात आमच्याकडे हुशार पोरं शाळेची शेवटची दोन वर्षं शाळेत काढतच नाहीत. गावाबाहेर ट्रॅक्टरच्या दुकानासमोर ते दोन वर्षांच्या पदवीचं कॉलेज आहे, तिथे जाऊन बसतात. फी सरकार भरतं. शाळा सुटते तेव्हा ती पदवीही हातात असते, आणि पुढे मोठ्या युनिव्हर्सिटीत पोरं थेट तिसऱ्या वर्षाला जातात. ब्रिटा पहिल्यापासून त्यातलीच. अठरा वर्षांची, उंच, कमी बोलणारी, आणि बोलली की समोरच्याला गप्प करणारी.

नवल होतं ते मार्लिसचं, तिच्या आईचं. पंचेचाळिशी उलटलेली बाई. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. उजाडायच्या आत जायचं, चारशे पोरांच्या पोटाला घालायचं, दुपारी डोक्यावरची जाळी काढून गाडीत मागे फेकायची आणि तशीच कॉलेजात. अंगाला बटाट्यांचा वास यायचा. पहिल्या वर्षी ती मागच्या बाकावर बसायची ती त्या वासामुळेच. नाव घातलं तेव्हा तिने नवऱ्याला सांगितलं, मंगळवारी रात्रीचाही वर्ग असेल म्हणून. डेल धान्याच्या कोठारावर वजनकाट्यावर काम करतो, शब्दसुद्धा मोजून देतो. तो म्हणाला, "बरं. मग मंगळवारी जेवायचं काय?"

"फ्रिजमध्ये असेल ते."

"बरं," डेल म्हणाला, आणि चार वर्षं मंगळवारी फ्रिजमध्ये असेल ते जेवला. माणूस वाईट नव्हता.

कशाला केलं तिने हे सगळं? पगार वाढावा म्हणून, असं ती सांगायची. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं होतं. मार्लिस आधी हॅरॉल्डची मुलगी होती, मग डेलची बायको झाली, मग ब्रिटाची आई. चर्चमध्ये, दुकानात, दवाखान्यात तिची ओळख कायम दुसऱ्याच कुणाचा तरी हात धरून यायची. शाळेत होती तेव्हा तर मार्कांत वर्गाच्या मधोमध. मास्तरांना तिचं नाव आठवायला वेळ लागायचा. याचा तिला राग होता. हा राग तिने कधी कुणाला दाखवला नाही, पण तो होता, आणि चांगला मुरलेला होता. आणि आता या वयात तिला कळलं की आपण हुशार आहोत. पहिल्या परीक्षेत ए आला, तिला वाटलं चुकून आला. दुसराही आला. मग येतच गेले. ती हिशेब शिकली, इतिहास शिकली, मातीचे थर आणि माणसाची हाडं शिकली, आणि प्रत्येकात ए. बाई हपापली. साहजिक आहे.

ती रमतगमत चार वर्षांत पुरं करत आली, ब्रिटा दोनच वर्षांत, आणि दोघींचा शेवट एकाच मे महिन्यात येऊन ठेपला. शेवटच्या सत्रात तर दोघींना संख्याशास्त्राचा एकच वर्ग मिळाला. ब्रिटाने पहिल्याच दिवशी गाडीतून उतरताना अट घातली.

"वर्गात मी तुझ्या शेजारी बसणार नाही. आणि माझे केस नीट करायचे नाहीत."

"मी कशाला करू तुझे केस?"

"चर्चमध्ये करतेस."

"बरं बाई, नाही करणार."

"आणि डब्यातलं काही पुढे पाठवायचं नाही," ब्रिटा म्हणाली. ही शेवटची अट मार्लिसला कठीण गेली.

फेब्रुवारीत एक दिवस शाळेच्या स्वयंपाकघरात फोन आला. कॉलेजच्या कार्यालयातल्या मिसेस डॅलगार. विद्यार्थ्यांचे मार्क, पदव्या, समारंभ, सगळं या बाईंच्या हाताखालून जातं.

"मार्लिस, बसली आहेस ना?"

"उभी आहे. ओव्हनमध्ये पाव आहेत."

"मग उभ्यानेच ऐक. यंदाचं पदक तुझं. सगळ्यांत वरची तू."

मार्लिसने ओव्हन उघडला, पाव बघितले आणि परत बंद केला. "नक्की? ओपसाल दोन आहेत तिथे."

"दोन आहेत म्हणूनच दोनदा तपासलं. दुसरी आहे ती तुझी लेक. केसाइतका फरक आहे, तिला मागे केमिस्ट्रीत एक बी पडला होता ना, तेवढाच. पण पहिली तूच."

आता इथे नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. समारंभ होतो मे महिन्यात, आणि शेवटच्या सत्राचे मार्क कार्यालयात पोचतात त्यानंतर. मग सोनेरी दोरीचे मानाचे गोंडे कुणाच्या गळ्यात घालायचे आणि पदक कुणाला द्यायचं, हे ठरवायचं कसं? तर डिसेंबरपर्यंतच्या मार्कांवर. सगळ्याच कॉलेजांत असं काहीतरी असतं. परीक्षा संपण्याआधीच हुशार कोण ते जाहीर करून मोकळं व्हायचं. पण आमच्या कॉलेजात पदकाबरोबर मोठ्या जिन्यापाशी एक पितळी पाटीही असते, वर्षाला एक नाव, आणि ते नाव जुलैत, सगळे मार्क आल्यावर कोरतात. म्हणजे पदक डिसेंबरवर, पाटी जुलैवर. बहुतेक वर्षी नाव एकच असतं. कधीमधी नसतंही. तसं झालं की कुणी त्याची वाच्यता करत नाही, आणि जिन्यापाशी थांबून पाटी वाचतंय कोण?

संध्याकाळी मार्लिसने घरी सांगितलं. डेल म्हणाला, "अरे वा." त्याच्या मानाने हे भाषण झालं. ब्रिटा उठली आणि तिने आईला घट्ट मिठी मारली.

"हरवलंस की गं मला, म्हातारे."

"केमिस्ट्रीने हरवलं तुला. मी कुठे काय केलं?"

"तेच तर. मी दिवसभर बसून अभ्यास करते आणि तू उकडलेले बटाटे कुस्करून येतेस नि ए मिळवतेस." ब्रिटा खरंच खूश होती. मार्लिसने तिच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं होतं, आया बघतात तसं, आणि तिथे काही लपवलेलं तिला दिसलं नाही.

गावभर झालं. लोक दुकानात थांबवून बोलायला लागले. आमच्याकडे कौतुक सरळ कुणी घेत नाही. घर छान आहे म्हटलं की म्हणायचं, छप्पर गळतं. केक छान झालाय म्हटलं की, खालून करपलाय. मार्लिसही म्हणायची, "छे हो, बाकीची पोरं नोकऱ्या करतात, त्यांना वेळ कुठे असतो," आणि समोरचा म्हणायचा, "तर तर, आणि तू बसून खातेस," आणि दोघं हसून आपापल्या गाडीकडे जायचे. पण घरी येताना तिचं मन नुसतं भरून यायचं. लोक तिला मार्लिस म्हणून हाक मारत होते. कुणाचीही कुणीही नाही, नुसती मार्लिस.

आणि मग, नेमकं हेच व्हायला नको होतं, तिचं अभ्यासातलं लक्ष उडालं. तिला ते कळलंसुद्धा नाही. पदक तर ठरलं होतं. आता संख्याशास्त्र काय, पास व्हायचं. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी घरच्या गराजमध्ये दोघींची मिळून पार्टी द्यायची ठरली होती, आणि गराजची पार्टी म्हणजे चेष्टा नाही. गाड्या बाहेर, घडीची टेबलं आत, भिंतींना पांढरे पडदे, लहानपणापासूनचे फोटो चिकटवलेले मोठे पुठ्ठे. मार्लिस रोज रात्री जेवण झाल्यावर फोटो काढून बसायची.

"आई, शनिवारी बसूया का? शेवटचे दोन धडे तुझे झालेच नाहीत," ब्रिटा म्हणाली.

"शनिवारी गराज धुवायचंय."

"गराज मी धुते. तू बस."

"तू धुतलंस की मला परत धुवावं लागतं." विषय संपला.

परीक्षा झाली. शेवटच्या दोन प्रश्नांपाशी मार्लिस बराच वेळ बसली. मग तिने काहीतरी लिहिलं. गाडीत ब्रिटाने विचारलं कसा गेला, तर म्हणाली, "बरा गेला."

उत्तरपत्रिका परत मिळायच्या दिवशी शाळेत पोरांची सहल होती, डबे बांधायचे होते, म्हणून मार्लिसला वर्गात जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती कुबिश सरांच्या खोलीत गेली. सर तिच्याहून दहाएक वर्षांनी लहान, सभ्य माणूस, तिला अहोजाहो करायचे.

"बी आहे मार्लिस. वाईट नाही."

"बी."

"शेवटचे दोन प्रश्न तुम्ही जवळजवळ सोडलेच. मला आश्चर्य वाटलं. तसे तुम्ही सोडत नाही."

ओठांवर आलं होतं तिच्या, सर, काही करता येईल का, म्हणून. पण ते तिने विचारलं नाही. तेवढं तिच्या खात्यावर जमा धरायला हरकत नाही. ती गाडीत येऊन बसली आणि तिने हिशेब मांडला. हिशेब तर ती याच कॉलेजात शिकली होती. संख्याशास्त्राच्या विषयाला केमिस्ट्रीपेक्षा वजन जास्त. तिचा बी ब्रिटाच्या बीपेक्षा जड होता. बाकी विषयांत दोघींना ए मिळणार, यात शंका नव्हती. म्हणजे सगळे मार्क जमेस धरले तर पहिली ब्रिटा, दुसरी ती. तिने परत मांडला. तेच आलं.

मग तिने स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली आणि त्यात ती कमी पडली नाही. पदक डिसेंबरवर असतं, डिसेंबरमध्ये ती पहिली होती, यात खोटं काय आहे? ब्रिटाला अख्खं आयुष्य पडलंय, तिच्या पदकांना खिळे कमी पडतील भिंतीवर. आणि पाटीवर नाव तिचंच येणार ना, मग तिचं जातंय काय? एक संध्याकाळ. एक संध्याकाळ आईला मिळाली तर बिघडलं कुठे? घरी डेलने विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. डोकं दुखतंय." डेलने गोळी आणून दिली आणि तिला ती घ्यावी लागली.

शुक्रवारी सकाळी जिममध्ये रंगीत तालीम. पदवी घेणारी सगळी मंडळी घडीच्या खुर्च्यांवर, मान मिळालेले पहिल्या रांगेत. पहिली खुर्ची मार्लिसची, दुसरी ब्रिटाची. उठायचं कसं, वळायचं कुठून, टोपीचा गोंडा कुठल्या बाजूला, हे सगळं मिसेस डॅलगार हातात माइक असूनही ओरडून सांगत होत्या. स्टेजवर हातात पडेल ती फाइल रिकामी असेल, खरं प्रमाणपत्र टपालाने येईल, तेव्हा तिथेच उघडून बघत बसू नका, हेही त्यांनी सांगितलं. मग माइक बंद करून त्या पहिल्या रांगेसमोर येऊन उभ्या राहिल्या. हे त्या दरवर्षी करतात.

"आता तुम्हा लोकांना एकच विचारते. तुमचे गोंडे नि पदकं डिसेंबरच्या मार्कांवर आहेत, हे माहीत आहे तुम्हाला. शेवटच्या परीक्षेत कुणी घसरलं असेल आणि ते त्याला स्वतःला ठाऊक असेल, तर आत्ता उठून मला सांगावं. मागच्याला पुढे बसवता येईल. कागद माझ्याकडे आलेले नाहीत, मी काही तपासणार नाही. हे तुमच्या इमानावर आहे."

आणि त्या थांबल्या. अशा वेळी दुसरं कुणी असतं तर पटकन पुढचं बोलून गेलं असतं. या बाई मात्र खरोखरच थांबतात.

रांगेच्या टोकाला एक पोरगा उठला, नर्सिंगचा. म्हणाला, "माझा घसरलाय. गोंडा निघेल बहुतेक." मिसेस डॅलगारनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला मागच्या रांगेत पाठवलं. कुणी हसलं नाही. त्याने गोंडा काढून खुर्चीवर ठेवला आणि मागे जाऊन बसला, झालं. इतकं सोपं होतं ते.

ब्रिटाने पाय आत ओढून घेतले, पाठ ताठ केली आणि ती समोर बघत राहिली. तिचे हात गुडघ्यांवर होते. मार्लिसला वाटलं, पोर अवघडली असेल. तिला स्वतःच्या मांड्या खुर्चीला चिकटल्यासारख्या झाल्या होत्या. उठावं असं तिला वाटलं. खरंच वाटलं. पण वाटणं आणि उठणं यांच्यामध्ये सगळं गाव येऊन बसलं होतं. दुकानातली बाई, पाद्री, शाळेतल्या स्वयंपाकघरातल्या बायका. त्यांनी तिच्यासाठी वर्गणी काढून फुलं सांगितली होती.

"आणखी कुणी?" मिसेस डॅलगार म्हणाल्या. त्या परत थांबल्या. "बरं. मग संध्याकाळी वेळेवर या, आणि गाऊनला इस्त्री करून या."

संध्याकाळी समारंभ झाला. चांगला झाला. दरवाज्यात वारं इतकं होतं की टोप्या हातात धरूनच लोक आत आले. कॉलेजच्या अध्यक्षांनी मार्लिस ओपसाल असं नाव पुकारलं आणि निळ्या फितीचं पदक तिच्या गळ्यात घातलं. लोक उभे राहिले. स्वयंपाकघरातल्या बायकांनी शिट्ट्या मारल्या. एरवी त्या असल्या कामात नसतात. डेल रडला. त्याने ते नाक शिंकरून लपवलं. आणि मार्लिसला, आता लपवण्यात अर्थ नाही, आनंद झाला. आतून काहीतरी टोचत होतं, पण आनंद झालाच. तिला वाटलं होतं होणार नाही. रात्री झोपताना तिने पदक पलंगाशेजारी ठेवलं आणि तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी गराज भरलं. आमच्याकडच्या पार्टीत कुणाला बोलवावं लागत नाही, येतातच. पावात घातलेलं हॅम, बटाट्याचं सॅलड, लोणच्याच्या काकडीला चीज नि हॅम गुंडाळून केलेले तुकडे, मोठ्या भांड्यात कॉफी. मधल्या टेबलावर पसरट केक, त्यावर निळ्या साखरेने दोघींची नावं. डेलची आई, एव्हलिन, दाराशीच खुर्ची टाकून बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेतल्याशिवाय ती कुणाला आत सोडत नव्हती. पंच्याऐंशीची म्हातारी, कान तिखट. मार्लिसने पदक घातलं होतं. घालायचं नव्हतं तिला, पण सासूने फर्मावलं, "घाल. लोक काय माझं तोंड बघायला आलेत?"

दुपार कलताना म्हातारीने ब्रिटाला पकडलं. "काय गं, आईने हरवलं म्हणे तुला."

"हो आजी," ब्रिटा म्हणाली. "डिसेंबरपर्यंत."

मार्लिस दोन हातांवर कॉफीचं भांडं घेऊन मागूनच चालली होती. तिने ते ऐकलं. म्हातारीला त्यात काही कळलं नाही, ती पुढच्या पाहुण्याकडे वळली. मार्लिसने भांडं टेबलावर ठेवलं आणि बर्फ आणायला घरात गेलेल्या ब्रिटाच्या मागोमाग ती आत गेली.

स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं. ब्रिटा फ्रीझरमधून बर्फाची पिशवी ओढत होती.

"तुला माहीत होतं," मार्लिस म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"तू सहलीच्या डब्यांत होतीस त्या दिवशी. कुबिश सरांनी तुझा पेपर माझ्याच हातात दिला, आईला दे म्हणून. मी बघितला. मग परत त्यांच्याकडे दिला. म्हटलं ती स्वतः येईल घ्यायला." ब्रिटाने पिशवी ओट्यावर आपटली, बर्फ मोकळा व्हावा म्हणून.

"बोलली का नाहीस मला?"

"तू बोलशील असं वाटलं."

मार्लिसने पदकाच्या फितीला हात घातला. "हे तुझं आहे. घे. मी आत्ताच्या आत्ता मिसेस डॅलगारना फोन करते."

"नको आई. मला ते कधीच नको होतं." ब्रिटाचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तालमीत तू उठशील असं मी धरून चालले होते. तू उठलीस की मीपण उठणार होते. म्हणणार होते, राहू द्या, ते तिलाच द्या, चार वर्षं बटाटे उकडून तिने मिळवलंय. गाडीत बसून वाक्य ठरवलं होतं मी. पदक तुलाच मिळालं असतं गं. तू नुसती उठायला हवी होतीस."

मार्लिसला लाज वाटली. इतकी लाज तिला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. सगळ्यांत वाईट हे की समोरची पोर तिच्यावर रागावलेली नव्हती. तिने फक्त आईकडून एक अपेक्षा धरली होती, ती सोडून दिली होती, आणि आता ती बर्फ फोडत होती.

"बाहेर लोक आहेत," ब्रिटा म्हणाली. "कॉफी गार होईल." पिशवी उचलून ती गेली.

मार्लिस सिंकपाशी गेली. मग तिने तोंड धुतलं आणि ती बाहेर आली. आता करायचंच, असं तिने ठरवलं. उशीर झाला तर झाला. केक कापायला सगळे जमले होते. पाद्री सुरी घेऊन तयार होते, डेल फोन वर धरून फोटोच्या तयारीत. मार्लिसने सुरी घेतली नाही. तिने पदक डोक्यावरून काढलं आणि मोठ्याने म्हणाली, "थांबा. मला सांगायचंय. हे पदक माझं नाही. ब्रिटाचं आहे."

पाद्रींच्या बायकोने छातीवर हात ठेवला. "बघा," ती म्हणाली. "आई ती आईच."

"नाही, तसं नाही. मला शेवटी बी आला. ती माझ्या पुढे आहे. मला ते आधीच कळलं होतं आणि मी सांगितलं नाही."

"बी आला म्हणे," कोठारावरचा कुणीतरी डेलला कोपर मारत म्हणाला. "मला आयुष्यात बी दिसला नाही." सगळे हसले.

"मी खरं सांगतेय," मार्लिस म्हणाली. "मी लबाडी केली."

"अगं पुरे आता," दाराशी बसलेली म्हातारी एव्हलिन म्हणाली. "कौतुक जरा घ्यायला शीक. इतकी वर्षं या घरात आहेस, एकदा तरी हो म्हण. घाल ते परत गळ्यात." शेजारच्या बाईकडे वळून ती म्हणाली, "पहिल्यापासून अशीच आहे ती. स्वतःकडे कमीपणा घेणारी. तिच्या बापाचं, हॅरॉल्डचं वळण."

पाद्रींनी पदक मार्लिसच्या हातातून हळूच काढून घेतलं आणि तिच्या गळ्यात घातलं. अशी नम्रता हल्ली बघायला मिळत नाही, असंही ते म्हणाले. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या दोघींनी डोळे पुसले. मार्लिसने गर्दीत ब्रिटाला शोधलं. ती बर्फाच्या टोपलीशी उभी होती, हात ओले. तिने आईकडे पाहिलं, आणि मार्लिसला दिसलं की इथे खरं कळलेलं माणूस ब्रिटा एकटीच आहे, आणि तिला आईची ही कबुली आता नको आहे.

कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनी वाजवल्या. ब्रिटाने हात पँटला पुसले आणि तिनेही वाजवल्या.